'पुट ऑफ' कळतं, पण तोंडातून 'पोस्टपोन'च येतं

या महिन्याच्या टपालात आणि मेलमध्ये फ्रेजल वर्बवर इतके प्रश्न आलेत की बाकीचे सगळे पुढच्या अंकासाठी ठेवले आणि ही पानं यालाच दिली. फ्रेजल वर्ब म्हणजे 'गिव्ह अप', 'टर्न डाऊन', 'पुट ऑफ' असली जोडक्रियापदं, साध्याशा क्रियापदाला एक चिमुकला शब्द चिकटतो आणि अर्थ कुठल्या कुठे जातो. त्या चिमुकल्या शब्दाला पार्टिकल म्हणतात, पुढे हा शब्द सारखा येईल म्हणून आधीच सांगून ठेवते. सारखे प्रश्न एकत्र केलेत, कुणाचं पत्र जसंच्या तसं दिसलं नाही तर राग मानू नका.

प्रश्न : ताई, मी लातूर जिल्ह्यातला, बारावीपर्यंत मराठी मीडियम. आता पुण्यात आयटीत अकरा वर्षं झाली. आमचे क्लायंट इंग्लंडचे आहेत, ते मीटिंगमध्ये 'लेट्स पुट इट ऑफ', 'कॅन यू लुक इन्टू इट' असं बोलतात ते मला नीट कळतं. पण मी बोलायला लागलो की 'पोस्टपोन', 'इन्व्हेस्टिगेट', 'टॉलरेट' असेच शब्द बाहेर पडतात. टीममधली एक मुलगी म्हणाली, सर तुमचं इंग्रजी सरकारी पत्रासारखं वाटतं. माझं इंग्रजी कच्चं आहे का? – पुणे

उत्तर : कच्चं अजिबात नाहीये. तुम्ही जे करताय त्यावर गेली चाळीस वर्षं अभ्यास चाललाय आणि त्याला संशोधक सरळ 'टाळणं' असंच म्हणतात. माणसाला फ्रेजल वर्ब माहीत असतं, ऐकलं तर कळतं, पण स्वतः बोलताना तो त्याला वळसा घालून एकशब्दी क्रियापदाकडे जातो, कारण तिथे पाय घट्ट रोवलेला असतो.

१९८५ साली डॅगट आणि लाउफर या दोघांनी हिब्रू बोलणाऱ्या विद्यार्थ्यांवर हे तपासलं. एकाच जागी फ्रेजल वर्ब आणि एकशब्दी क्रियापद दोन्ही चालत असेल तर ही मुलं बहुतेक वेळा एकशब्दी उचलत होती. त्यांनी काढलेलं कारण असं की हिब्रूत अशी रचनाच नाही. मग १९८९ मध्ये हुल्स्टाइन आणि मार्चेना यांनी डच मुलं घेतली, डचमध्ये इंग्रजीसारखीच जोडक्रियापदं आहेत, तर तिथे वेगळीच गंमत दिसली, ती मुलं सरसकट टाळत नव्हती पण जी फ्रेजल वर्ब अगदी डचसारखी दिसत ती मात्र टाळत होती, म्हणजे 'हे इतकं आपल्यासारखं कसं असेल, काहीतरी चुकत असणार' ही शंका! १९९३ मध्ये स्वीडिश विद्यार्थ्यांवर अभ्यास झाला, स्वीडिशमध्येही ही रचना आहे, आणि ती मुलं टाळत नव्हती. २००४ मध्ये चिनी विद्यार्थ्यांवर झाला तेव्हा दिसलं की मधल्या पातळीवरची मुलं टाळतात, पुढे गेलेली बरीच कमी टाळतात, आणि 'सिट डाऊन'सारख्या सरळ अर्थाच्या क्रियापदांपेक्षा आडवळणाच्या अर्थाची जास्त टाळली जातात. तर मातृभाषा, पातळी आणि अर्थ किती उघड आहे किती झाकलेला, या तीन गोष्टी इथेच हाती लागतात.

आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे. इंग्रजी आपल्याकडे पुस्तकातून आणि कचेरीतून आलं, स्वयंपाकघरातून नाही आलं. शाळेत आपण 'सहन करणे म्हणजे टॉलरेट' असं एका शब्दासमोर एक शब्द ठेवून शिकलो. त्यातले बहुतेक भारदस्त शब्द फ्रेंच आणि लॅटिनमधून इंग्रजीत आलेले, तर 'पुट अप विथ' ही इंग्रजीची घरची बोली. एखादा परदेशी माणूस फक्त शासन निर्णय वाचून मराठी शिकला तर तो मित्राला 'आपली भेट स्थगित करण्यात येत आहे' असं म्हणेल ना, तसंच. त्याचं मराठी चुकलेलं नाही, त्याला 'भेटणं पुढे ढकलूया' कुणी ऐकवलेलंच नाही. आणि 'पुट ऑफ' म्हणजे तंतोतंत पुढे ढकलणं, बघा!

आता मला मनापासून सांगायचंय ते. मराठी माणसाची अवस्था हिब्रू मुलांसारखी नाही. इंग्रजीसारखं पार्टिकल आपल्याकडे नाही हे खरं, पण क्रियापदाला शेपूट जोडून त्याचा रंग बदलायची कला आपल्याकडे भरपूर आहे आणि शाळेत ती कुणी इंग्रजीशी जोडून दाखवत नाही. 'शोध' आणि 'शोधून काढ' यात फरक आहे की नाही? पहिल्यात नुसतं शोधणं, दुसऱ्यात सापडेपर्यंत सोडायचं नाही. 'फाइंड आउट' तेच. 'लिही' वेगळं, 'लिहून घे' वेगळं, 'लिहून ठेव' वेगळं, 'लिहून काढ' वेगळं, 'लिहून दे' आणखी वेगळं. 'राइट डाऊन' म्हटलं की मराठी डोक्यात 'लिहून ठेव' वाजायला पाहिजे, नुसतं 'लिही' नाही. 'फेकून दे' म्हणजे 'थ्रो अवे', 'देऊन टाक' म्हणजे 'गिव्ह अवे', 'पळून गेला' म्हणजे 'रॅन अवे', 'वाचून काढ' म्हणजे 'रीड थ्रू', 'उठून बसला' म्हणजे 'सॅट अप', आणि ही शेवटची जोडी तर मला फार आवडते. आपल्याकडे शेपटातही क्रियापदच असतं आणि ते लिंग-वचन-काळाने बदलतं, इंग्रजीत शेपूट म्हणजे 'अप', 'आउट' सारखा न बदलणारा शब्द. पण दोघांनाही करायचंय तेच काम, मूळ क्रियापद तेवढंच ठेवायचं आणि ती क्रिया पुरी झाली, दूर गेली, हाताबाहेर गेली, कायमची झाली हे शेपटानं सांगायचं.

एकास एक जुळेल असं समजू नका हां, 'टाक' म्हणजे दर वेळी 'अप' असा कोष्टक करायला गेलात तर फसाल. पण कान तयार होतो.

तुमच्यापुरतं सांगायचं तर यादी पाठ करू नका. पुढच्या मीटिंगनंतर क्लायंटने म्हटलेली तीन वाक्यं, अख्खी वाक्यं, वहीत उतरवा. 'कॅन यू लुक इन्टू इट' उतरवलंत तर त्याच आठवड्यात त्याच माणसाला 'आय विल लुक इन्टू इट अँड गेट बॅक टू यू' म्हणा. ज्या गोष्टी तुम्ही रोज खरोखर करता, चौकशी करणं, परत कळवणं, निस्तरणं, मागे लागणं, त्यांचीच फ्रेजल वर्ब आधी. प्रपोजल, करार असलं काही लिहिताना 'पोस्टपोन' राहू द्या, तिथे तेच शोभतं. त्या मुलीचा कान चांगला आहे, तिला सांगा की मी बोलताना जिथे 'इन्व्हेस्टिगेट' म्हणेन तिथे मला थांबव.

प्रश्न : मॅडम, मी सांगली जिल्ह्यात नववी-दहावीला इंग्रजी शिकवते. दर वर्षी पन्नास फ्रेजल वर्बची अर्थासकट यादी देते, नंतर जोड्या लावा, गाळलेल्या जागा भरा. चाचणीत मार्क छान पडतात आणि पंधरा दिवसांनी मुलं कोरी पाटी. 'गिव्ह इन', 'गिव्ह अप', 'गिव्ह आउट', 'गिव्ह अवे' यांचा तर पार काला होतो. कुठे चुकतंय? – एक शिक्षिका, सांगली जिल्हा

उत्तर : ताई, मीसुद्धा कितीतरी वर्षं हेच करत होते म्हणून तुमचं पत्र वाचताना माझाच वर्ग डोळ्यासमोर आला. दोन गोष्टी आहेत.

एक म्हणजे 'गिव्ह'ची सगळी भावंडं एका दिवशी आणायची नाहीत. आपल्याला वाटतं एका क्रियापदाखाली गोळा केली की सोपं होईल, पण नव्या मुलाला ती जुळ्यांसारखी दिसतात, एकाच कपड्यातली, आणि नावं अदलाबदल होतात. आज 'गिव्ह अप', तेही कुणीतरी तंबाखू सोडल्याच्या गोष्टीत, आणि 'गिव्ह अवे' महिन्याभराने जुने कपडे देऊन टाकताना.

दुसरी गोष्ट मला स्वतःला फार उशिरा कळली. २०१९ मध्ये स्ट्राँग आणि बूर्स या दोघांनी जपानी विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. काही मुलांना आधी गाळलेल्या जागा दिल्या, अंदाजाने भरा आणि मग उत्तर बघा. काहींना आधी योग्य फ्रेजल वर्ब नीट दाखवली आणि मग आठवायला लावलं. दुसरा गट बराच पुढे गेला. आणि पहिल्या गटात काय झालं तर उत्तर सांगूनही मुलांनी आधी केलेला चुकीचा अंदाजच कित्येकांच्या डोक्यात बसून राहिला. आपली बहुतेक वर्कबुकं अशीच असतात ना, आधी अंदाज करा, मग मागच्या पानावर उत्तर बघा! 'अप' असेल का 'ऑफ' असेल याला तर्क चालत नाही, मूल नाणं उडवल्यासारखं काहीतरी लिहितं आणि हातानं लिहिलेलं मनात राहतं. तेव्हा क्रम उलटा करा. आधी दाखवा, ऐकवा, करून दाखवा, वही मिटा, मग विचारा.

करून दाखवण्याचं सांगते. नववीच्या एका वर्गात मी टेबलावर स्टीलचा पेला पाण्याने भरून ठेवला होता. मागच्या बाकावरच्या एका मुलाला पुढे बोलावलं आणि म्हटलं, 'ड्रिंक'. त्याने लाजत एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला. मग मी म्हटलं, 'ड्रिंक इट अप'. तो नुसता बघत राहिला. पुन्हा एक घोट घेतला. मग मी मराठीत म्हटलं, 'अरे, पिऊन टाक'. त्याने पेला उचलला आणि गटागटा संपवला, रिकामा पेला उलटा करून वर्गाला दाखवला. वर्गाला 'अप' कळलं, फळ्यावर एक अक्षरही न लिहिता. त्याच तासाला 'ईट अप', 'यूज अप' मुलांनी स्वतः ओळखली, खाऊन टाक, वापरून टाक. हे 'अप' संपवणारं 'अप' आहे. 'स्टँड अप'मधलं वर जाणारं 'अप' वेगळं, ते त्यांना आधीच येत होतं.

पार्टिकलच्या अर्थामागचं चित्र दाखवलं की फरक पडतो याला संशोधनाचाही आधार आहे. कोव्हेचेश आणि साबो यांनी १९९६ साली हंगेरियन विद्यार्थ्यांना 'अप' आणि 'डाऊन'मागची दिशेची चित्रं समजावून दिली, तर त्या गटाला न शिकवलेली क्रियापदंसुद्धा यादी पाठ करणाऱ्या गटापेक्षा बरी जमली. आपल्या मुलांना हे नवं नाही. संस्कृत घेणारी मुलं असतील तर त्यांना 'हृ' धातू आठवायला सांगा, प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार, एकच धातू आणि उपसर्गाने अर्थ जबरदस्तीने दुसरीकडे ओढून नेलेला, तो श्लोक त्यांना पाठच असतो. इंग्रजीने तेच काम क्रियापदाच्या मागे नेऊन ठेवलंय एवढंच.

पन्नासच्या जागी वर्षात पंचवीस करा. पण प्रत्येक किमान सहा-सात वेळा वेगवेगळ्या दिवशी त्यांच्या कानावर पडू द्या, तुमच्या स्वतःच्या सूचनांमधून. 'हँड इन युवर नोटबुक्स', 'टर्न ऑफ द फॅन', 'हरी अप', 'पुट अवे युवर फोन', 'गो ओव्हर युवर आन्सर्स'. वर्गातल्या सूचना मराठीतून देता असाल तर एवढ्या पाच-दहा तरी इंग्रजीतून द्या, शिक्षकाच्या तोंडून रोज ऐकलेलं मूल विसरत नाही. २००० सालापासून आपल्याकडे मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे दहावीपर्यंत दहा वर्षं होतात, पण त्या दहा वर्षांत मुलाने कुणाला इंग्रजीत काही करायला सांगताना किती वेळा ऐकलं असेल हा प्रश्न मला कायम छळतो.

प्रश्न : मी स्पर्धा परीक्षांची तयारी करतोय. बाजारातल्या एका पुस्तकात दोन हजार फ्रेजल वर्ब आहेत, क्लासवाले म्हणतात सगळी करा. रोज वीस करतोय पण मागची पुसली जातात. नक्की किती करावीत? – नांदेड

उत्तर : दोन हजार नको रे बाबा. रोज वीस तर मुळीच नको.

यावर मोजदाद झालेली आहे. गार्डनर आणि डेव्हिस यांनी २००७ मध्ये ब्रिटिश नॅशनल कॉर्पस या दहा कोटी शब्दांच्या संग्रहात फ्रेजल वर्ब मोजली. फक्त वीस क्रियापदं आणि आठ पार्टिकल, आउट, अप, ऑन, बॅक, डाऊन, इन, ऑफ, ओव्हर, यांच्या जोड्यांनीच सगळ्या वापराचा निम्म्याहून थोडा जास्त भाग व्यापला होता. म्हणजे गो, कम, टेक, गेट, पुट असल्या, तुला पाचवीपासून येणाऱ्या क्रियापदांवरच सगळा खेळ आहे.

पण यात एक खाच आहे आणि ती तुझ्या पुस्तकात नसणार. त्याच अभ्यासात दिसलं की सगळ्यात जास्त वापरल्या जाणाऱ्या शंभर फ्रेजल वर्बना सरासरी पाच-सहा अर्थ आहेत. 'पिक अप' घे. खाली पडलेलं उचलणं, स्टेशनवर कुणाला आणायला जाणं, फोन उचलणं, धंद्याने जोर धरणं, एखादी भाषा नुसती कानावर पडून येणं. पुस्तकात समोर 'उचलणे' एवढंच लिहिलेलं असतं आणि परीक्षेत नेमकी भाषा उचललेली येते. म्हणून गार्निए आणि श्मिट यांनी २०१५ मध्ये दीडशे फ्रेजल वर्ब घेतली आणि प्रत्येकाचे खरोखर वापरात असलेले अर्थच तेवढे ठेवले, सगळे मिळून २८८ अर्थ झाले, सरासरी दोनसुद्धा नाही पडत. तेवढं लक्ष्य ठेव. दीडशे क्रियापदं, तीनशेच्या आत अर्थ, प्रत्येक अर्थाला तुझ्या स्वतःच्या आयुष्यातलं एक वाक्य. दिवसाला तीन. आठवड्यातून एक दिवस नवीन काहीच नाही, फक्त मागचं.

आणि तुला वाटतं त्यापेक्षा कितीतरी जास्त तुला आधीच येतात. कटऑफ लागला, मेडिकल चेकअप केलं, एसटी ब्रेकडाऊन झाली, डेटाचा बॅकअप घेतला, फॉलोअप ठेव, ड्रॉपआउट, लॉगिन, टेकऑफ, गाडीचा पिकअप. ही सगळी फ्रेजल वर्बची पोरं आहेत, आपण मराठीत नाम म्हणून घेतलीत. त्यांना फक्त परत क्रियापद करायला शीक. इथेच आपल्या मुलांची ठरलेली चूक होते, 'लॉगिन केलं'चं इंग्रजी ती 'आय लॉगिन्ड' करतात. क्रियापद होताना शब्द दोन होतात आणि भूतकाळ पहिल्याला लागतो, 'आय लॉग्ड इन', 'द बस ब्रोक डाऊन', 'दे ब्रोक अप'. उच्चारही बदलतो, नाम असताना जोर पुढे, ब्रेकअपच्या 'ब्रेक'वर, क्रियापद असताना जोर मागे, 'अप'वर. मोठ्याने वाचून बघ, लगेच जाणवेल.

प्रश्न : मी एम.ए. इंग्लिश, साताऱ्याची, चार वर्षांपूर्वी न्यू जर्सीला आले. माझी मुलगी इथे आली तेव्हा तीन वर्षांची होती, आता सात. ती 'आय फिगर्ड इट आउट', 'इट केम ऑफ', 'डोन्ट मेस इट अप' असं सहज बोलते आणि मी मात्र आधी मनात जुळवते मग बोलते. माझं वय झालं म्हणून का? आणि तिचं मराठी मात्र विचित्र व्हायला लागलंय, आजीला फोनवर 'मला भूक आली' म्हणते. – न्यू जर्सी

उत्तर : वयाचा हात आहे, पण सगळा दोष वयावर टाकू नका, तुम्ही अजून तरुण आहात. ती इंग्रजी कुठे शिकली ते आठवा. तीन वर्षांची असताना डे-केअरमध्ये दोन्ही हात वर करून कुणाला तरी 'पिक मी अप' म्हणाली असेल आणि त्या क्षणाला तिला खरंच कुणीतरी उचललं असेल. बुटाचा बंद सुटला तेव्हा 'इट केम ऑफ' ऐकलं, कोडं सुटलं तेव्हा 'यू फिगर्ड इट आउट' ऐकलं. तिला प्रत्येक फ्रेजल वर्ब वस्तूसकट, हातासकट मिळालं. तुम्हाला एम.ए.ला काय मिळालं, तर निबंध आणि समीक्षा, आणि अभ्यासाच्या लिखाणात फ्रेजल वर्ब असतातच कमी, ती गप्पांत आणि गोष्टींत भरलेली असतात. इतकी वर्षं इंग्रजी वाचूनसुद्धा तुम्हाला ती फारशी भेटलीच नाहीत यात तुमचा दोष काय?

दुसरं म्हणजे तिला इंग्रजीत 'डिसायफर' असा शब्द आहे हेच अजून माहीत नाही, त्यामुळे तिच्याकडे टाळायला पर्यायच नाही. तुमच्याकडे पर्याय ढीगभर आहेत.

चिलीतल्या १२८ विद्यार्थ्यांवरचा एक अभ्यास २०१६ मध्ये आला, त्याच गार्निए आणि श्मिट यांचा. एखाद्या फ्रेजल वर्बचा एखादा अर्थ विद्यार्थ्याला येत असण्याची शक्यता सरासरी चाळीस टक्क्यांच्या आसपास निघाली, आणि एकाच क्रियापदाचे विचारलेले सगळे अर्थ येत असण्याची त्याच्या निम्मी. जी क्रियापदं भाषेत वारंवार येतात ती जास्त येत होती, आणि जी मुलं फावल्या वेळात इंग्रजी वाचत आणि सोशल नेटवर्किंगवर इंग्रजीत गप्पा मारत त्यांना जास्त येत होती. म्हणून माझा सल्ला असा की मुलीची गोष्टीची पुस्तकं तुम्हीच तिला मोठ्याने वाचून दाखवा. हे मी सोय म्हणून सांगत नाहीये, लहान मुलांच्या इंग्रजी पुस्तकांत फ्रेजल वर्ब खच्चून भरलेली असतात, सोबत चित्र असतं, आणि मोठ्याने वाचल्यामुळे तो जोर, तो ठेका तुमच्या तोंडात बसतो. शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर नुसता अंगठा दाखवू नका, एक वाक्य लिहा.

आता तिच्या 'भूक आली'बद्दल. हे वाचून मला भरून आलं, कारण तुम्ही इंग्रजीत जिथे अडताय नेमकी तिथेच ती मराठीत अडतेय. आपलं 'लागणे' बघा एकदा परक्याच्या नजरेने. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, रांग लागते, वेड लागतं, संध्याकाळचे दिवे लागतात, ऊन लागतं, पोरगं रडायला लागतं, भात खाली लागतो. गाडी फलाटाला लागते आणि घाटात गेलं की तीच गाडी आपल्याला लागते! याला कुठला नियम सांगणार? साताऱ्यातल्या मुलाला कुणी सांगत नाही, त्याला भूक लागलेली असते तेव्हा आई विचारते 'भूक लागली का रे' आणि ताट वाढते. तुमच्या मुलीला इंग्रजी जसं मिळालं तसंच मराठी द्या, चूक दुरुस्त करत बसू नका, आजीला सांगा की ती 'भूक आली' म्हणाली की 'अगंबाई, भूक लागली होय माझ्या बाळाला' एवढंच म्हणायचं. रोज फोन असेल तर बरंच लवकर 'लागेल' ते.

प्रश्न : सबटायटल लावून सिरीज बघितल्याने फ्रेजल वर्ब येतात का? – तीन-चार जणांनी विचारलंय

उत्तर : कळायला लागतात, बोलायला आपोआप येत नाहीत. बोलण्यात ती इतकी चिकटून येतात की 'पिक इट अप'चं 'पिकिटप' होतं आणि आपला कान ते एक अनोळखी शब्द समजून सोडून देतो. म्हणून सबटायटल इंग्रजीच लावा, मराठी किंवा हिंदी लावलंत तर डोळा अर्थ घेऊन पुढे जातो आणि कानाला काही काम राहत नाही. एखादं वाक्य आवडलं तर थांबवा, पात्रासारखंच म्हणा, परत लावा. एका भागात दोन वाक्यं पुरेत.

प्रश्न : 'टर्न ऑफ इट' का 'टर्न इट ऑफ'? – इयत्ता आठवी, चिपळूण

उत्तर : 'टर्न इट ऑफ'. इट, हिम, देम असले छोटे शब्द अशा क्रियापदाच्या मधेच बसतात. वस्तूचं नाव असेल तर दोन्ही चालतं, 'टर्न ऑफ द फॅन' आणि 'टर्न द फॅन ऑफ'. पण 'लुक आफ्टर हर'मध्ये 'हर' शेवटीच येतं, कारण तिथे 'आफ्टर' खरं तर 'हर'ला धरून आहे. ओळखायची एक युक्ती बहुतेक वेळा चालते, मोठ्याने म्हणून बघ, 'टर्न ऑफ'मध्ये जोर 'ऑफ'वर पडतो, 'लुक आफ्टर'मध्ये 'लुक'वर. प्रश्न छान विचारलास, असेच पाठवत जा.

प्रश्न : मुलाखतीत 'आय पास्ड आउट इन २०१९' म्हणालो तर परदेशी पॅनलमधली बाई काळजीने बघायला लागली. काय चुकलं? – नागपूर

उत्तर : आपल्याकडे 'पास आउट' म्हणजे शिक्षण पूर्ण करून बाहेर पडणं, आणि भारतात ते सगळ्यांना कळतं, त्यात काही चूक नाही. पण इंग्लंड-अमेरिकेत रोजच्या बोलण्यात त्याचा अर्थ बेशुद्ध पडणं, त्यामुळे तुम्ही २०१९ मध्ये चक्कर येऊन पडलात असं त्यांना वाटलं. लष्करातल्या पासिंग आउट परेडमध्ये तो आपला अर्थ तिकडेही टिकून आहे, बहुतेक आपल्याकडे तो तिथूनच आला असावा. तसंच 'व्हेअर आर यू पुट अप' हेही आपलं, तिकडे सरळ 'व्हेअर आर यू स्टेइंग' विचारतात. पुढच्या मुलाखतीत 'आय ग्रॅज्युएटेड इन २०१९' म्हणा.